आंबट सफरचंद आणि इंदूरचा खड्डा

ब्रॅम्ले सफरचंद हातात घेतलं की आधी त्याचं वजन जाणवतं. फळ मोठं, किंचित चपटं, अंगाने ओबडधोबड. रंग हिरवा, उन्हाच्या बाजूला थोडी तांबूस झाक. कच्चं चावलं तर पहिल्या घासालाच दात आंबतात. खाण्याचं सफरचंद म्हणून ते कोणी दुसऱ्यांदा विकत घेणार नाही, आणि तरीही इंग्लंडच्या स्वयंपाकघरात दीडशे वर्षं त्याला तोड नाही. ते शिजवण्याचं सफरचंद आहे. मराठी वाचकाला हे समजायला कैरी पुरेशी आहे. कैरी गोड नाही अशी तक्रार आपण कधी करत नाही. पन्हं, मेथांबा, साखरांबा, लोणचं हे सगळं तिच्या आंबटपणावरच उभं आहे. इंग्रज गृहिणी ब्रॅम्लेकडे नेमकं असंच पाहते.

या आंबटपणामागे मॅलिक आम्ल आहे. ते सगळ्याच सफरचंदांत असतं, पण ब्रॅम्लेत भरपूर असतं आणि साखर त्या मानाने कमी. खाण्याचं गोड सफरचंद साखर घालून शिजवलं तर नुसतं गोड आणि बेचव होतं. ब्रॅम्लेत कितीही साखर पडो, सफरचंदाची चव वर उरतेच. दुसरा गुण त्याच्या गराचा. गोड सफरचंदाच्या फोडी आचेवर बराच वेळ फोडीच राहतात. ब्रॅम्लेच्या पेशी एकमेकींपासून पटकन सुटतात आणि काही मिनिटांत फोडींचा हलका, फुललेला लगदा होतो. इंग्लंडमधलं सफरचंदाचं पाय, वरून पीठ-लोणी-साखरेचा भुगा टाकून भाजलेलं क्रंबल, डुकराच्या मांसाबरोबर वाढायची आंबट चटणी या सगळ्यांना हाच लगदा लागतो.

ही जात कोणी ठरवून घडवली नाही. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात साउथवेल नावाचं लहान गाव आहे. तिथे १८०९ च्या सुमारास मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया लावल्या. त्यातलं एक रोप जगलं आणि परसात मोठं झालं. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ले नावाच्या खाटकाने विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे आला. त्याच्या घरी रोपवाटिकेचा धंदा होता. या झाडाच्या काड्या घेऊन कलमं बांधू का, असं त्याने विचारलं. ब्रॅम्लेने होकार दिला, पण फळाला आपलं नाव द्यायचं या अटीवर. मेरीवेदरच्या वहीत ३१ ऑक्टोबर १८६२ या तारखेला तीन ब्रॅम्ले सफरचंदं दोन शिलिंगांना विकल्याची नोंद आहे. १८७६ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळसमितीने या जातीची शिफारस केली आणि मग तिचा प्रसार झपाट्याने झाला. जिने बी लावलं ती मेरी अ‍ॅन फळाला नाव मिळण्याआधीच वारली होती. माझ्या मते फळाच्या पाटीवर पहिलं नाव तिचं हवं होतं. खाटकाच्या नावावर जग इतकं स्थिरावलं आहे की आता ते बदलणं शक्य नाही.

मूळ झाड १९०० साली वादळात आडवं झालं. पडलेल्या फांदीला मुळं फुटली आणि ते पुन्हा उभं राहिलं. पुढे त्याला मुळं कुजवणाऱ्या बुरशीने धरलं. १९९० च्या सुमारास नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवली, म्हणजे त्या पहिल्या झाडाची हुबेहूब प्रत आता सुरक्षित आहे.

असा खटाटोप का करावा लागतो? कारण सफरचंद बीपासून आईसारखं येत नाही. ब्रॅम्लेची बी लावली तर उगवेल ते वेगळंच झाड असेल, आणि बहुतेक वेळा सामान्य. म्हणून जगातलं प्रत्येक ब्रॅम्ले हे त्या एका झाडाचं, कलमावर कलम चढत आलेलं अंग आहे. त्यात या जातीचं एक वेगळेपण आहे. साधारण सफरचंदाच्या पेशीत ३४ गुणसूत्रं असतात, ब्रॅम्लेच्या पेशीत ५१. दोनाऐवजी तीन संच. त्यामुळे पानं मोठी, वाढ दांडगी, झाडाचा पसारा फार. पण तीन संचांची समान विभागणी होत नसल्याने त्याचा परागकण बहुधा निकामी निघतो. दुसऱ्या झाडाला तो फळवू शकत नाही. म्हणून ब्रॅम्ले लावणाऱ्याने त्याच वेळी फुलणाऱ्या आणखी दोन वेगळ्या जाती जवळ लावायच्या असतात. त्या दोघी ब्रॅम्लेला पराग देतात आणि एकमेकींनाही. एकच सोबती लावला तर ब्रॅम्लेला फळ धरेल, सोबती मात्र वांझ राहील. फळं ऑक्टोबरमध्ये उतरवतात आणि थंड, अंधाऱ्या कोठीत ती वसंतापर्यंत टिकतात.

हे झाड इंदूरला लावता येईल का? नाही. लावून पाहणाऱ्याला निराशाच पदरी येईल. सफरचंदाची कळी हिवाळ्यात झोपते आणि ठरावीक थंडी मोजल्याशिवाय उठत नाही. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खालच्या तासांचा हा हिशेब असतो, आणि ब्रॅम्लेसारख्या जातींना असे हजारभर तास लागतात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. माळव्याच्या रात्री थंड आणि सुखाच्या, शब-ए-मालवा म्हणून त्यांचं नाव आहे. पण पहाटे पारा उतरला तरी दुपारी ऊन पंचवीस अंशांवर जातं. तास भरत नाहीत. अशा हवेत कळ्या अर्धवट जागतात, काही फुटतात, काही तशाच वाळतात, आणि फुलं महिनाभर रेंगाळत येतात.

तरीही इंग्लंडच्या सफरचंदबागांच्या इतिहासात इंदूरचं नाव आहे, आणि ते मातीच्या बाजूने आहे. या प्रकरणाचा खरा विषय तोच.

१९२४ साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा, शिवाय मध्य भारतातल्या संस्थानांचा. काम कापूस सुधारण्याचं. संचालक म्हणून आले आल्बर्ट हॉवर्ड. ते १८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मले, १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि गव्हाच्या पुसा जातींमुळे त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी गॅब्रिएल. ती स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेली वनस्पतिशास्त्रज्ञ होती, आणि गव्हापासून फळझाडांपर्यंत जे काम आज हॉवर्डच्या नावावर सांगितलं जातं त्यातलं कितीतरी दोघांनी मिळून केलेलं आहे.

फळझाडांशी त्यांचं नातं जुनं. पुसाच्या काळात उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला जात. तिथल्या फळप्रयोग केंद्रात बलुचिस्तानची फळं, त्यांचं पाणी, त्यांची मशागत आणि दूरच्या बाजारापर्यंत ती न चेंगरता पोचावीत म्हणून लागणारी खोकी, या सगळ्यावर त्यांनी काम केलं. पण सफरचंदाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग पुसाच्या बागेत झाला, आणि तो गवताचा होता.

त्याची सुरुवात इंग्लंडमध्ये. ड्यूक ऑफ बेडफर्ड आणि रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर पिकरिंग यांनी १८९४ साली वोबर्न इथे फळप्रयोगांची बाग काढली. सफरचंदाच्या तरुण झाडाखाली गवत वाढू दिलं तर झाड खुरटतं, पानं फिकी पडतात, फळ रंगतं पण लहान राहतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. पिकरिंगचा निष्कर्ष असा की गवताच्या मुळांतून झाडाला बाधणारं काही विष पाझरतं. हॉवर्ड दांपत्याला हे पटेना. पुसाला त्यांनी आंबा, पेरू, लिची, सीताफळ, आलुबुखार, पीच अशी झाडं लावली. काहींच्या खाली गवत, काहींखाली मोकळी मशागत केलेली जमीन, आणि काहींच्या गवतात हवा खेळावी म्हणून चर खणलेले. मग त्यांनी मुळं उघडी केली. पाण्याच्या धारेने माती धुऊन, एक एक मूळ मोकळं करून, वर्षातल्या वेगवेगळ्या ऋतूंत. १९२५ मध्ये हे काम लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

त्यांना दिसलं ते असं. फळझाडाला मुळांचे दोन थर असतात. उन्हाळ्यात वरची माती वाळते तेव्हा वरची मुळं स्वस्थ बसतात आणि खोल गेलेली मुळं झाडाला पाणी देतात. पाऊस पडला की वरची मुळं जागी होतात आणि अन्नाचं काम हाती घेतात. गवताची दाट जाळी नेमकी याच वेळी मातीतली हवा आणि नायट्रेट दोन्ही अडवते. विषाची गरजच नाही. पेरूसारखी काटक झाडं गवतातही तग धरून होती. आलुबुखार आणि पीच हरले. ज्या गवतात चर खणले होते तिथली झाडं सावरली. मला हा प्रयोग हॉवर्डच्या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटतो. वादाचा मुद्दा इंग्लंडच्या सफरचंदाखालचा, उत्तर मात्र बिहारच्या आलुबुखाराखाली मिळालं, आणि ते मुळं डोळ्यांनी पाहून मिळालं.

इंदूरला येईतो हॉवर्डचं मत पक्कं झालं होतं की उत्तम बियाणं उपाशी जमिनीत पेरून काही साधत नाही. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून गुदमरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याकडचं शेण बऱ्याच अंशी गोवऱ्यांत जळतं. उरलेला काडीकचरा वाया जातो. चीनमधल्या शेतकऱ्यांची कचऱ्यापासून खत करण्याची रीत अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ साली छापलेल्या पुस्तकात वर्णन केली होती. ती हॉवर्डनी वाचलेली होती. आता इंदूरच्या काड्यांवर, इंदूरच्या गोठ्यात, इंदूरच्या पावसात ती कशी बसवायची हा प्रश्न.

इथे दुसरं नाव घ्यायला हवं, आणि ते मराठी आहे: यशवंत वाड. संस्थेत ते रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक होते. ढिगात किती कर्ब, किती नत्र, उष्णता कुठवर चढते, कधी उतरते, पाणी किती, हा सगळा ताळेबंद म्हणजे या पद्धतीचा कणा. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे पुस्तक काढलं तेव्हा मुखपृष्ठावर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड अशी दोन नावं होती. पहिलं जगभर गेलं. दुसरं इंदूरमध्येसुद्धा फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पद्धत अशी. पऱ्हाटी, तण, उसाचं पाचट, कडब्याचे बुडखे, झाडांचा पाला, जे हिरवं-वाळलं मिळेल ते साठवायचं. पऱ्हाटीसारखी टणक काडी संस्थेच्या रस्त्यांवर पसरत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली ती चेचली जाई. हा सगळा माल मिसळून गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. संस्थेचा गोठा चाळीस बैलांचा होता आणि खताचे खड्डे त्याला लागूनच होते. रोज सकाळी मुताने भिजलेलं अंथरूण उचलून खड्ड्यात पसरायचं. गोठ्याच्या जमिनीतली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख त्यावर भुरभुरायची आणि शेणकाल्याने सगळं ओलं करायचं. असे थर. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि फक्त दोन फूट खोल. खोली मुद्दामच कमी, कारण खालपर्यंत हवा जायला हवी. एक कडा रिकामी सोडायची, म्हणजे माल पालटता येतो.

दोन-चार दिवसांत ढीग तापतो. पारा साठ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेत तणांचं बी आणि रोगांचे जंतू मरतात. पहिली पालटणी दोन-अडीच आठवड्यांनी, दुसरी महिन्याच्या सुमारास, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ३३ ला १ असावं असा वाडांच्या विश्लेषणातून आलेला हिशेब आहे, आणि शेण-मूत्र-काडी यांचं मिश्रण तो हिशेब न मोजताही बऱ्यापैकी जुळवतं. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचायचा. माळव्याच्या काळ्या जमिनीत हे विसरून चालत नाही.

गॅब्रिएल १९३० साली वारली. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि या रीतीला त्यांनी इंदूरचंच नाव ठेवलं. चहाचे मळे, कॉफी, ऊस, कापूस, असं करत ही पद्धत पूर्व आफ्रिकेपासून मध्य अमेरिकेपर्यंत गेली. इंदूरमध्ये मात्र कामाला एक वेगळं वळण मिळालं. हॉवर्डनंतर संचालक झालेले एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ मध्ये माणसांच्या वस्तीतला कचरा आणि मैला याच रीतीने निकालात कसा काढायचा यावर पुस्तिका लिहिली. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी या संस्थेत गेले, खड्डे पाहिले, आणि नंतर ‘हरिजन’मधून त्यांनी इंदूर पद्धत गावोगावच्या कार्यकर्त्यांना सांगितली. आज देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव घेतलं जातं आणि घराघरातून ओला कचरा वेगळा निघतो, तेव्हा या शहराला ही गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती, एवढं नोंदवायला हवं. संस्थेच्या त्या जमिनीवर आज कृषी महाविद्यालय आहे.

आता सफरचंदाकडे. लंडनच्या ब्लॅकहीथ भागात हॉवर्डनी घर घेतलं. मागे बाग होती आणि तिची माती पार थकलेली होती. सफरचंदाच्या झाडांवर लोकरी मावा इतका होता की फांद्या पांढऱ्या दिसत. इंग्रज त्याला ‘अमेरिकन ब्लाइट’ म्हणत. सल्ला सोपा होता, झाडं काढा किंवा फवारा. हॉवर्डनी दोन्ही केलं नाही. पालापाचोळा, भाजीचे देठ आणि जनावरांचं खत एकत्र करून इंदूरच्या रीतीने खत केलं आणि झाडांखाली घातलं. किडीला मुद्दाम हात लावला नाही. माती सुधारते आहे की नाही याची खूण म्हणून तिला राहू दिलं. त्यांनी लिहून ठेवलं आहे की तीनेक वर्षांत मावा गेला, पानांचा रंग पालटला आणि फळ उत्तम येऊ लागलं. यावरून त्यांनी पुढचा मोठा सिद्धान्त मांडला: कीड आणि रोग हे शत्रू नव्हेत, जमिनीच्या चुका दाखवणारे परीक्षक आहेत.

या सिद्धान्तावर मी पूर्ण विश्वास ठेवू शकत नाही आणि त्याचं कारण सांगायला हवं. एक बाग, तीन वर्षं, शेजारी खत न घातलेली तुलनेची झाडं नाहीत. लोकरी मावा हवामानाने कमी होतो, परजीवी कीटकांनीही कमी होतो. त्याच इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग इथल्या फळसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. ‘नॉर्दर्न स्पाय’ ही सफरचंदाची जात या माव्याला दाद देत नाही. तिच्या संकरातून त्यांनी जॉन इन्स संस्थेच्या सहकाऱ्यांबरोबर असे खुंट तयार केले की ज्यांच्या मुळांवर मावा टिकत नाही. एमएम १०६ हा त्यातला सर्वांत पसरलेला खुंट, आणि आजही ब्रॅम्लेची मध्यम उंचीची कलमं बहुधा त्यावर बांधतात. हा पुरावा मोजलेला, पुन्हा पुन्हा तपासलेला आहे.

पण खुंट कीड टाळतो, झाडाला पोसत नाही. हॉवर्डचं म्हणणं तिथे उरतं. सफरचंदाच्या मुळांवर राहणारी उपयुक्त बुरशी, वरच्या थरातल्या मुळांना लागणारी हवा, पाणी धरणारी भुसभुशीत माती, हे सगळं सेंद्रिय पदार्थातून येतं, आणि ते कोणत्याही कलमाने मिळत नाही. खुंट ईस्ट मॉलिंगचा आणि माती इंदूरची, असं झाड मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

फळ हाती आलं की काम स्वयंपाकघराचं. ब्रॅम्लेची सर्वांत साधी इंग्रज रीत आख्खं भाजण्याची. देठाकडून बियांचा गाभा पोखरून काढायचा, फळाच्या कमरेभोवती सुरीने सालीला एक चीर द्यायची म्हणजे ते फुटत नाही, पोकळीत मनुका, तपकिरी साखर आणि लोण्याचा गोळा भरायचा आणि भट्टीत १८० अंशांवर पाऊण तास ठेवायचं. गर फुलून सालीबाहेर येऊ पाहतो तेव्हा झालं. इंग्लंडमधल्या भारतीय घरांनी या फळाला लवकरच आपलं करून घेतलं. तिथे चांगली कैरी मिळणं कठीण, ब्रॅम्ले मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात. चटणीत, लोणच्यात, आमटीत ते कैरीच्या जागी जातं. आंबटपणाची जात थोडी वेगळी आहे, कैरीत सायट्रिक आम्ल अधिक, सफरचंदात मॅलिक. त्यामुळे ब्रॅम्लेची चव जिभेवर जरा जास्त वेळ रेंगाळते.

मेथांब्यासाठी ते फार चांगलं, पण एक पथ्य आहे. कैरीच्या फोडी आधी वाफवून मग गूळ घालतो तसं केलं तर ब्रॅम्लेचा लगदा होतो. म्हणून क्रम उलटा. अर्धा किलो सफरचंदाला पाव किलो गूळ. तेलात मोहरी, चमचाभर मेथ्या लालसर होईतो, हिंग, हळद. त्यावर अर्धी वाटी पाणी आणि गूळ, मीठ, तिखट. गूळ विरघळून रस जरा दाट झाला की सालासकट मोठ्या फोडी टाकायच्या, झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं, ढवळायचं नाही, भांडं हलवायचं. साखरांबा करायचा तर उलट लगदा होऊ द्यावा आणि वेलदोड्याबरोबर दोन लवंगा घालाव्यात. सफरचंदाला लवंग शोभते.

इंदूरला ब्रॅम्ले मिळत नाही. चोइथराम मंडीत काश्मीर आणि हिमाचलचा माल येतो आणि तो गोड जातींचा. हंगामाच्या अगदी सुरुवातीला येणारी हिमाचलची हिरवट, आंबूस फळं या कामाला बरी. ग्रॅनी स्मिथ आंबट आहे पण शिजून फुलत नाही, फोडी तशाच राहतात. मेथांब्याला म्हणून ती चालते, लगद्याच्या पदार्थांना नाही. त्यासाठी हिमाचलची फळं आणि ग्रॅनी स्मिथ अर्धी अर्धी घ्यावीत आणि लिंबू पिळावं.

आणि परसात सफरचंद हवंच असेल, तर कमी थंडीच्या जाती आहेत. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन या जोडीने लावाव्यात, त्या एकमेकींना पराग देतात. तिसरी एचआरएमएन-९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, कमी उंचीवर, हरिमन शर्मा यांच्या घरामागे टाकून दिलेल्या सफरचंदाच्या बियांतून १९९९ च्या सुमारास एक रोप उगवलं. त्या उष्ण पट्ट्यात सफरचंद होत नाही असा सर्वांचा समज. शर्मांनी ते जपलं, आलुबुखाराच्या खुंटावर त्याची कलमं केली आणि आता मैदानी राज्यांत, महाराष्ट्रातही, शेतकरी ते लावून पाहत आहेत. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साउथवेलच्या मेरी अ‍ॅनने जे केलं तेच हे, फक्त या वेळी श्रेय बी ओळखणाऱ्याकडे गेलं.

माळव्यात हे झाड काश्मीरच्या फळाशी स्पर्धा करणार नाही, आणि करावं अशी अपेक्षा ठेवून लावू नये. पण लावायचंच तर पुसा आणि इंदूरचे धडे सरळ कामाला येतात. काळ्या जमिनीत खड्ड्यात लावू नये. दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावावं, म्हणजे पावसाळ्यात मुळांना श्वास घेता येतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. लागवड डिसेंबर-जानेवारीत, झाड झोपलेलं असताना. पहिली चार वर्षं बुंध्याभोवती तीन फुटांच्या घेरात गवत येऊ देऊ नये. त्या घेरात पावसाळ्याच्या तोंडावर दोन घमेली कुजलेलं खत आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्याला न टेकता. एप्रिल-मेच्या उन्हात खोडाला चुन्याचा हात द्यावा, नाहीतर साल भाजते. पाणी कमी वेळा आणि खोल द्यावं, कारण उन्हाळ्यात कामावर असतात ती खालची मुळं.

या जातींची फळं मैदानात जूनच्या आसपास पिकतात, आणि एका झुबक्यात चार-पाच लागतात. सगळी ठेवली तर सगळीच खुजी राहतात, म्हणून मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये विरळणी करून झुबक्यात एक-दोनच ठेवावीत. काढलेली फळं हिरवी, घट्ट आणि चांगली आंबट असतात. ती फेकू नयेत. एप्रिलमध्ये घरात कैरी येतेच. तिच्या निम्म्याने ही चिरून मेथांब्यात घालावीत, गूळ थोडा वाढवावा, आणि उरलेली साल नि बिया खताच्या ढिगात टाकाव्यात.